टर्क्या मेल्या, कोंबड्या जगल्या

१

डॉ. पंकजा गागरे यांनी बेलापूरच्या जनावरांच्या दवाखान्यासमोर स्कूटर लावली, तेव्हा पायरीवर पोलीस पाटील हनुमंत बसलेला होता. टोपी हातात, आणि चेहरा असा की घरातलंच माणूस गेलंय.

"मॅडम, खातूनबीच्या टर्क्या मेल्या. सगळ्या."

पंकजाबाई जागच्या जागी थांबल्या. खातूनबीच्या टर्क्या, कोंबडीच्या कितीतरी पट मोठे ते विलायती पक्षी, म्हणजे पंचक्रोशीतली नवलाई. नवरा नबीलाल कुठूनतरी एक जोडी घेऊन आला होता, त्याच्यामागं खातूनबीनं त्यांचा थवा केला. नाताळ जवळ आला की श्रीरामपूर भागातली ख्रिस्ती कुटुंबं टर्की घ्यायला तिच्याच वस्तीवर यायची. यंदाचा नाताळ तीन आठवड्यांवर होता.

"मला आत्ता कळवताय?"

"तुमी लसीकरणाला गावोगाव फिरत हुत्या. मोबाईल लागंना." हनुमंतनं टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. "औषध घातलं म्हणत्यात. खोपटात फवारणीच्या औषधाची बाटली सापडली. शेजारच्या सुनीलला काल ठाण्यात नेलंय. साहेबांना तुमचा दाखला पायजे, विषानं मेल्या म्हणून."

"मी पाहिल्याशिवाय?"

"त्यात बघायचं काय राह्यलं, मॅडम? कोंबड्या तिथंच हायेत की. दाना एकाच पिपातला, पानी एकाच टाकीतलं. टर्क्या मेल्या, कोंबडीचं एक पीस हाललं न्हाई. म्हंजी कुनीतरी टर्क्यांच्याच खोपटात शिरून घातलं ना?"

बोलणं बिनतोड वाटत होतं, आणि म्हणूनच पंकजाबाईंना ते खटकलं. पण त्या काही बोलायच्या आतच हनुमंत आवाज उतरवून म्हणाला,

"लवकर चला. काल बाजारात ह्यांची चार पोरं आन त्यांची चार पोरं समोरासमोर आली हुती. मी मधी पडलो म्हनून निभावलं. आज टर्क्या मेल्या. उद्या काय मरंल, सांगता येत न्हाई."

२

वस्ती प्रवरेच्या काठानं, उसाच्या पट्ट्यामागं. एका बांधानं दोन घरं वेगळी केलेली. अलीकडं खातूनबीचं, पलीकडं छबूबाईचं. विहीर दोघींची एकच. नबीलाल आणि छबूबाईचा नवरा सहादेव यांनी ती मिळून खणलेली. दोघंही आता नाहीत.

खातूनबीचा मुलगा अमजद गाडीचा आवाज ऐकून पुढं आला. तिशीतला, उंच, दाढी वाढलेली, डोळे लाल.

"मेलेल्या कुठं आहेत?" पंकजाबाईंनी विचारलं.

"पुरल्या, मॅडम. खड्डा करून चुना टाकला वरनं."

"एकही ठेवली नाही? निदान कापून बघता आली असती."

"वास सुटला हुता. अम्मीला बघवंना." तो नजर न उचलता बोलला. "आता बघून तरी काय हुनार? बाटली सापडली ना."

"बाटली कुणाला सापडली?"

"मलाच. पाटलांच्या म्होरं."

तेवढ्यात खोपटातून खातूनबीची हाक आली. "डॉक्टरीनबाई, इकडं या. ही एक अजून धुकधुकतीय."

खोपट लांबरुंद, तीन बाजूंनी जाळी, वर पत्रा. आत ताजा भुसा पसरलेला. मधोमध खातूनबी मांडी घालून बसली होती आणि तिच्या मांडीवर शेवटची टर्की होती. पंख लोंबलेले, डोळे मिटलेले, पिसं विस्कटलेली. खातूनबी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"सगळ्या अशाच गेल्या?"

"अशाच. आधी खायचं सोडलं. मग कोपरा धरून झोपल्यासारख्या उभ्या. दोन-चार दिवसांनी आडव्या."

"तडफडल्या नाहीत? तोंडाला फेस? पाय झाडणं?"

"न्हाई बाई. म्हाताऱ्या मानसासारख्या गेल्या, गुमान."

पंकजाबाईंनी मान हलवली. फवारणीचं औषध पोटात गेलेला पक्षी चार दिवस झोपत नाही. पण एवढ्यावर कुणाला सोडवता येत नसतं.

"कोंबड्या कुठं राहतात?"

"त्या तिकडं." खातूनबीनं अंगणापलीकडच्या नव्या खुराड्याकडं बोट दाखवलं. "ह्या खोपटात कोंबडीचं पाऊल पडू द्यायचं न्हाई, ही अमजदच्या अब्बांची सक्त ताकीद हुती. का ते त्येंनाच ठाऊक. पह्यल्या जोडीच्या वक्ताला काय झालं हुतं म्हनं. मी आजवर पाळली."

"या वेळीही?"

"मी मधी दोन म्हयने खर्ड्याला हुते. दसऱ्याच्या आधी गेले. इन्शाचं, माझ्या लेकीचं बाळंतपन हुतं. आले, आन आठ-दहा दिवसांनी पह्यली गेली. तवा मी अमजदला पह्यलं हेच इच्यारलं, बाबा, कोंबड्या शिरल्या हुत्या का इकडं? अब्बांची शपथ घिऊन न्हाई म्हनला."

दारात एक तरुण बाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ही सून, शिफा. तिनं तांब्या खाली ठेवला आणि पंकजाबाईंनी विचारलं,

"तूच बघत होतीस ना दोन महिने? कोंबड्या कधी आत आल्या?"

शिफानं आधी अंगणात उभ्या असलेल्या नवऱ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "न्हाई."

त्याच वेळी खातूनबीचा हात थांबला. मांडीवरची मान एका बाजूला कलली होती.

 पंकजाबाई हळूच म्हणाल्या, "खातूनबी, मला हिला उघडून बघावं लागेल. तुमची परवानगी असेल तरच."

म्हातारीनं टर्की उचलून त्यांच्या हातात दिली.

विहिरीजवळच्या धुण्याच्या दगडावर पंकजाबाईंनी हातमोजे चढवून सुरी चालवली. आतडं बाहेर काढलं. शेवटाकडची दोन्ही आंधळी, एका टोकाला बंद असलेली आतडी बोटभर फुगली होती आणि आत पनीरसारखा घट्ट, पिवळा गठ्ठा भरला होता. मग यकृत समोर आलं. त्यावर गोल गोल, मधे खोलगट डाग. जणू कुणी नाण्याचे ठसे उमटवले होते.

हनुमंत पाठीमागून वाकून बघत होता. "काय हाय, मॅडम?"

"पाटील," पंकजाबाईंनी हातमोजे उतरवले, "या टर्कीला कुणीही विष घातलेलं नाही."

३

"मग बाटलीचं काय?" हनुमंतनं तिसऱ्यांदा विचारलं.

पंकजाबाईंनाही तोच प्रश्न पडला होता. हा आजार कोंबड्यांकडून टर्कीला लागतो. कोंबडीच्या आतड्यात एक बारीक गोल जंत असतो, आणि त्याच्या अंड्यांतून रोगाचा सूक्ष्म जीव विष्ठेवाटे मातीत उतरतो. कोंबडीला सहसा काही होत नाही. ती खातपीत, अंडी घालत हिंडते. टर्की मात्र, मातीतली ती अंडी काही आठवड्यांनी पिकली की, तिथंच टोच मारते आणि पंधरा दिवसांत मरते. म्हणजे कोंबड्या जगल्या, यात नवल काहीच नव्हतं. त्यांनीच तो आणलेला असणार. पण घरातली तिन्ही माणसं सांगत होती की कोंबडी त्या खोपटात गेलीच नाही. आणि आजार असेल, तर विषाची बाटली तिथं आली कशी?

ठाण्यात जाण्याआधी त्या बांध ओलांडून छबूबाईकडं गेल्या. छबूबाई ओट्यावर बसली होती. समोरच्या ताटातली भाकरी वाळून कडक झालेली.

"माझं पोरगं तोंडाचं फाटकं हाय, बाई, हे मी कबूल करते," ती म्हणाली. "टर्क्यांनी कांद्याचं रोप टोचलं तवा बांधावर हुबा राहून बोलला, एक दिवस औषधच घालतो म्हनून. साऱ्या वस्तीनं ऐकलं. पन घालनाऱ्यातला न्हाई तो. खातूनच्या हातचं खाऊन वाढलाय. मी बाळंतपनात आजारी पडले तवा त्याला तिनंच पाजलंय. आज ती माझ्याकडं बघत न्हाई."

"तुम्ही गेलात तिच्याकडं?"

"गेल्ते. अमजदनं दारातनंच वळवलं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "बेलापूरची मानसं येऊन गेली काल. म्हनली, मावशी, तुमी एक शब्द टाका, आमी बघून घेतो त्येंच्याकडं. मी म्हनलं, माझ्या दारात ही भाषा नको. पन माझं किती दिवस ऐकत्याल?"

ठाण्यात सुनील बाकड्यावर गुडघ्यात डोकं घालून बसला होता. डाव्या गालावर सूज होती.

"हे कुणी केलं?" पंकजाबाईंनी विचारलं.

"आनताना गर्दीत कुनीतरी. बगितलं न्हाई मी." तो सरळ झाला. "मॅडम, बाटली माझीच हाय. मी खोटं कशाला बोलू? विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत फळीवर पडल्याली असायची. मागच्या कांद्याला फवारलं, तवापास्नं रिकामी."

"खोलीला कुलूप?"

"न्हाई. मोटर दोन घरांची. पाळी आसंल तो जातो."

"आणि तू टर्क्या मरायला लागल्या तेव्हा कुठं होतास?"

"ऊस घिऊन कारखान्यावर. टॅक्टर रांगेत. पह्यली टर्की मेली त्याच दिशी दुपारी गेलो. परत आलो ते थेट ह्येंच्याच गाडीत. संगं धा ड्रायव्हर हुते, कुनालाबी इच्यारा."

ठाणेदार टेबलापलीकडून म्हणाले, "ते आम्ही विचारलंय, मॅडम. होता तो रांगेत. पण जायच्या आधी घालून गेला असेल. विष भिनायला वेळ लागतो."

"बाटली बघू का?"

प्लास्टिकच्या पिशवीतली हिरवट बाटली टेबलावर आली. पंकजाबाईंनी ती पिशवीसकट उजेडात धरली. बूच नव्हतं. आत तळाशी ओल नव्हती, डागही जुनाट. आणि गळ्याच्या आतल्या बाजूला वाळलेल्या मातीचं एक कडं चिकटलं होतं. वाटीसारखं, एका बाजूनं फोडलेलं.

"ही माती कसली, साहेब?"

"पडली असेल भुशातली."

"भुशात माती नव्हती. हे कुंभारमाशीचं घर आहे." त्यांनी बाटली हळूच आडवी केली. तळाशी दोन-तीन वाळलेले कोळी घरंगळले. "ती मातीनं तोंड लिंपते आणि आत पिलासाठी कोळी साठवते. बाटलीच्या गळ्यात एवढं घर बांधून झालं, पिलू वाढून उडून गेलं, माती वाळून दगड झाली. तोवर ही बाटली कुणीही हलवलेली नाही. ह्यातून अलीकडं औषध ओतलं असतं, तर हे घर टिकलं असतं का?"

ठाणेदारांनी बाटली हातात घेऊन पाहिली. बराच वेळ पाहिली.

"म्हणजे रिकामी बाटली कुणीतरी आणून ठेवली," ते सावकाश म्हणाले.

"आणि नंतर ठेवली. पाटील, बाटली सापडली तेव्हा तुम्ही होतात. कुठं होती?"

"दान्याच्या गव्हानीखाली. भुशात."

"ताज्या भुशात की जुन्या?"

हनुमंतची बोटं टोपीच्या काठावर थांबली. "ताज्या. खातूनबी म्हनली हुती, पह्यल्या दोन मेल्या तवा सुनेकडनं सगळा जुना भुसा काढून नवा टाकून घेतला. खालची जमीन खरवडून."

"मग सुनीलनं जाण्याआधी बाटली टाकली असती, तर ती जुन्या भुशाबरोबर उकिरड्यावर गेली असती. नवा भुसा पडला तेव्हा तो कारखान्यावर होता."

 हनुमंत खाली बघत बोलला, तेव्हा त्याचा आवाज बसला होता.

"मॅडम, अमजदनं मला बोलावून नेलं हुतं. म्हनला, पाटील, काहीतरी वास येतोय औषधाचा. आन दुसरीकडं कुठं शोधलंच न्हाई त्यानं. थेट गव्हानीखाली हात घातला."

४

ठाणेदार लगेच उठले होते. पंकजाबाईंनी त्यांना थांबवलं.

"बाटली कुणी ठेवली हे कळलं, का ठेवली ते नाही. आणि टर्क्यांना रोग कुठून लागला हे मी सिद्ध करू शकले नाही, तर उद्या लोक म्हणतील, पोलिसांनी एका बाजूचं सोडलं नि दुसऱ्या बाजूचं धरलं. मग बाजारात काय होईल? मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या."

पुन्हा वस्तीवर पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. अंगणात पाच-सहा नातेवाईक बाजेवर बसले होते. शिफा चहाच्या खटपटीत, अमजद त्यांच्यात मान खाली घालून. पंकजाबाई कुणाशी न बोलता खोपटात शिरल्या.

त्यांनी भिंतीकडेनं हळूहळू फेरी मारली. टर्क्यांचे बसायचे बांबू छातीएवढ्या उंचीवर, मनगटासारखे जाड. पण मागच्या कोपऱ्यात, गुडघ्याएवढ्या उंचीवर, एक बारीक काठी सुतळीनं बांधलेली होती. टर्कीसारखा जड पक्षी तिच्यावर बसला असता तर ती मोडली असती. जाळीच्या तारेत एक तांबडं पीस अडकलं होतं. ते त्यांनी काढून निरखलं. पीस वाऱ्यानंही येऊ शकतं. काठी कुणी कशासाठीही बांधू शकतं. त्यांना आणखी काहीतरी हवं होतं.

बाहेर येऊन त्या दगडावर टेकल्या. सूर्य उसाआड गेला. चरायला गेलेल्या कोंबड्या एकेक करून परतू लागल्या. नव्या खुराड्याचं दार सताड उघडं होतं, आत दाणे टाकलेले होते. रोज या वेळी शिफा त्यांना हाकलून खुराड्यात कोंडायची. आज पाहुण्यांच्या गडबडीत ते राहून गेलं होतं.

तांबडी कोंबडी पुढं होती. ती खुराड्यापाशी आली आणि थांबलीसुद्धा नाही. सरळ अंगण ओलांडून टर्क्यांच्या खोपटाच्या बंद दारापाशी जाऊन उभी राहिली. तिच्यामागं दुसरी. मग काळी, मग ठिपक्यांची. बघता बघता सगळ्या कोंबड्या त्या बंद दाराशी गोळा झाल्या, जाळीला टोच मारू लागल्या. एक फडफडत जाळीवर चढली, पडली, पुन्हा चढली.

बाजेवरची माणसं वळून बघू लागली.

खातूनबी ओट्यावरून उठली होती. तिनं कोंबड्यांकडं पाहिलं, मग लेकाकडं. कोंबडी संध्याकाळी कुठं जाते, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ज्या जागी रोज झोपते, तिथंच ती जाते.

"अमजद," ती म्हणाली, "अब्बांची शपथ घेतली हुतीस तू."

आणि आतून कपबशी फुटल्याचा आवाज आला.

५

"तिला काही ठाऊक न्हाई," अमजद चटकन उभा राहिला. "शिफाला काही बोलायचं न्हाई कुनी. मी सांगतो."

पंकजाबाईंनी नातेवाइकांना घरी जायला सांगितलं. ती माणसं कुरकुरत निघाली. अंगणात घरातली तिघं, हनुमंत आणि त्या, एवढीच उरली. शिफा दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

अमजद आईकडं न बघता बोलू लागला.

"उन्हाळ्यात आमचं बाळ गेलं, मॅडम. पोटातच. सातवा लागला हुता. त्यानंतर ही बाजेवरनं उठंना. खाईना. अम्मी हुती तवर जबरदस्तीनं दोन घास तरी घालायची. अम्मी खर्ड्याला गेली आन मला सुधरंना. हिच्या आईनं माहेरच्या चार कोंबड्या पाठवल्या, जीव रमंल म्हनून. आमच्या कोंबड्यांत सोडल्या. परतीच्या पावसात खुराडं बसलं. ठेवायच्या कुठं? म्हनलं, चार दिवस टर्क्यांत ठेवू, खुराडं बांधू, मग काढू."

"आणि काढल्या नाहीस."

"काढनार हुतो. पन एक दिवस संध्याकाळी बगितलं तर ही उठून खोपटात गेल्ती. टर्कीच्या पंखाखाली कोंबड्या बसल्या हुत्या, ते बघत हुती. कितीतरी दिवसांनी तोंडावर हसू हुतं." त्यानं शिफाकडं पाहिलं. "दुसऱ्या दिशी परत गेली. मग रोज. तिथंच बसून भाकर खायला लागली. मला कोंबड्या काढवल्या न्हाईत, मॅडम. अब्बांची गोष्ट मला म्हाईत हुती. त्यांनी मला सांगितलं हुतं, कोंबडीच्या मातीत टर्की जगत न्हाई. पन एवढे दिवस काही झालं न्हाई. वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी. अम्मी यायच्या आदल्या दिशी खुराडं हुबं केलं, कोंबड्या हलवल्या. हिला म्हनलं, अम्मीला सांगू नको, उगंच रागवंल."

"आणि पहिली टर्की मेली."

"तवाच वळखलं मी." त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "अम्मीनं इच्यारलं. खरं सांगितलं असतं तर पुढचा सवाल हुता, कुनाच्या कोंबड्या, कुनी ठेवल्या. हिला कळलं असतं की हिच्या कोंबड्यांनी सगळा थवा खाल्ला. बाळ गेलं तवा ही म्हनत हुती, माझ्यामुळंच गेलं. आता हेबी हिच्यामुळंच गेलं असं हिच्या मनात आलं असतं, तर ही वाचली नसती. मला दुसरं काही सुचंना. सुनील बोललेला सगळ्यांनी ऐकलं हुतं. तो गावात नव्हता. वाटलं, त्याला कुनी धरनार न्हाई, चार दिवस चर्चा हुईल, विसरतील. मोटर लावायला गेलो तवा फळीवर बाटली दिसली."

"तोंडाची माती तूच फोडलीस?"

"व्हय. जुनी वाटू नये म्हनून."

हनुमंत पुढं आला. आता तो म्हणाला, "अरे, त्याला आनताना मारलं लोकांनी. बाजारात सुरे निघायचे बाकी हुते. तू तिथंच हुबा हुतास, अमजद. मी तुला बगितलं. तुला तवाबी बोलवंना?"

 खातूनबीनं पायात चप्पल अडकवली.

"ऊठ," ती लेकाला म्हणाली. "ठाण्यात चल. पाटलांनी न्यायची वाट बघू नको. माझ्याबरूबर चल."

६

त्या संध्याकाळी ठाण्यात अमजदनं सगळं पुन्हा सांगितलं. ठाणेदारांनी ते लिहून घेतलं. मग सुनीलला बाहेर आणलं आणि विचारलं, खोटा आळ घेतल्याची तक्रार द्यायची आहे का?

सुनील बराच वेळ अमजदकडं बघत राहिला. दोघं एकाच वर्गात शिकलेले, एकाच विहिरीत पोहलेले.

"उद्या सकाळी सांगतो," तो म्हणाला. "आज माझं डोकं ठिकान्यावर न्हाई." आणि अमजदनं पुढं केलेला हात तसाच राहू देऊन हनुमंतच्या मोटारसायकलवर मागं बसला.

हनुमंतनं त्याला घरी सोडण्याआधी बाजारातून नेलं. चौकात गाडी थांबवून, जमलेल्या दोन्हीकडच्या पोरांसमोर मोठ्यानं सांगितलं की टर्क्या रोगानं मेल्या, डॉक्टरीणबाईंनी कापून बघितलंय, आणि हा पोरगा निर्दोष आहे. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हळूहळू पोरं पांगली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंकजाबाई खोपटाची माती बघायला पुन्हा वस्तीवर गेल्या. खातूनबीला त्यांनी स्पष्ट सांगितलं, जंताची अंडी मातीत वर्षानुवर्षं राहतात, या जागेवर आता टर्की पाळता येणार नाही. खातूनबीनं ऐकून घेतलं. "एवढ्या वर्सांत पह्यल्यांदा नाताळात दार सुनं राहनार," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

पंकजाबाई स्कूटरकडं वळल्या, तर शिफा वाटेत उभी होती. रात्रभर रडल्यानं तिचे डोळे सुजले होते, पण आवाज स्थिर होता.

"मॅडम, मला खरं सांगा. माझ्या कोंबड्यांमुळं मेल्या ना टर्क्या?"

पंकजाबाईंना सोपं उत्तर देता आलं असतं. जुन्या कोंबड्यांतही जंत असतील, कोण सांगणार. ते खोटंही नव्हतं. पण गेल्या चार दिवसांत या अंगणात पुष्कळ काही चांगल्या हेतूनं लपवलं गेलं होतं.

"कोंबड्यांमुळं मेल्या," त्या म्हणाल्या. "तुझ्या की जुन्या, ते मला सांगता येणार नाही. एकत्र ठेवल्यामुळं मेल्या. तुला ते ठाऊक नव्हतं. बाळाचं आणि ह्याचं काही नातं नाही. बाळाचं तुझ्या हातात नव्हतं. हे टाळता आलं असतं, जर तुला कुणी सांगितलं असतं तर."



"हेंनी मला सांगायला पायजे हुतं," ती म्हणाली. "मी रडले असते. आजारी पडले असते. पन सुनीलभाऊंना मार बसला नसता. मी काय काचेची हाय का?"

अमजद ओट्यावर बसला होता. त्यानं ऐकलं. त्यानं वर बघितलं, पण ती त्याच्याकडं वळली नाही. डोक्यावरचा पदर सारखा करून ती बांधाकडं निघाली.

"कुठं चाललीस?" त्यानं विचारलं.

"छबूमावशीकडं."

"ती हाकलंल."

"हाकलू दे."

पंकजाबाई स्कूटरला हात लावून तशाच थांबल्या. शिफानं बांध ओलांडला. पलीकडच्या ओट्यावर सुनील दात घासत होता. तिला बघून तो उठून आत गेला. छबूबाई दारात आली. शिफा ओट्याच्या खाली, अंगणात उभी राहिली आणि काहीतरी बोलू लागली. इतक्या लांबून शब्द ऐकू येत नव्हते. ती बराच वेळ बोलत होती. छबूबाई दाराला टेकून ऐकत होती, हाताची घडी घालून, चेहऱ्यावरची रेघ न हलवता.

मग ती आत निघून गेली.

शिफा तिथंच उभी राहिली. अमजद ओट्यावरून उतरून बांधापर्यंत आला, पण पुढं पाऊल टाकायची त्याला हिंमत झाली नाही. उन्हं अंगणात शिरली. 

बऱ्याच वेळानं छबूबाई बाहेर आली. तिच्या हातात ताट होतं. ते तिनं ओट्यावर ठेवलं, शिफाकडं बघून बाजूची जागा हातानं झटकली आणि स्वतः टेकली. शिफा पायरी चढून तिच्या शेजारी बसली. छबूबाईनं भाकरी मोडली, अर्धी तिच्या पुढ्यात ठेवली आणि उरलेल्या अर्धीचा घास स्वतःच्या तोंडात घातला.

मग ती बांधाकडं बघून मोठ्यानं म्हणाली, "अमजद, तू घरी जा. तुझं सुनील बघंल, त्याला वाटंल तवा. आईला तेवढं पाठवून दे."